साहेब जागेवर आहेत

जे बरे चाललेले असते त्याचे आधुनिकीकरण करावे लागते आणि जे चालतच नसते त्याचे उद्घाटन करावे लागते. राज्यकारभार या दोन पायांवर उभा आहे. कर खाते तर दोन्ही पायांवर इतके घट्ट उभे आहे की ते सहसा हलत नाही. (उभे राहणे हेही कामच आहे. ज्यांनी खात्याच्या खिडकीसमोर एखादी दुपार काढली असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको.)

मी स्वतः छत्र्या दुरुस्त करणारा माणूस. काडी, कापड आणि मूठ यापलीकडे मला जगातले काही कळत नाही, आणि कळायची गरजही कधी पडली नव्हती. खात्याशी माझा संबंध आला तो भावोजींमुळे. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कर खात्याच्या तंत्रज्ञान आधुनिकीकरण कार्यक्रमाचे प्रमुख. एवढे लांब पद असलेला आमच्या घराण्यात दुसरा कोणी झाला नाही. दारावरची पाटी भिंतीवर वळवून न्यावी लागली होती.

भावोजींच्या आधी पाच प्रमुख होऊन गेले. पहिल्याने कोनशिला बसवली. दुसऱ्याने ती पुसून घेतली. तिसऱ्याने कार्यक्रमाचे नाव बदलले, चौथ्याने ते परत पूर्वीचे केले, आणि पाचवा रजेवर गेला तो अजून रजेवरच आहे. जो तो बदली करून घेऊन सटकतो हे पाहून सरकारने एक शहाणा नियम केला: कार्यक्रम पूर्ण होईपर्यंत कार्यक्रमप्रमुखास कार्यमुक्त करता येणार नाही. बदली नाही, राजीनामा नाही, सेवानिवृत्तीही नाही. मसुद्यात 'मृत्यू' हाही शब्द होता म्हणतात, पण विधी विभागाने समासात 'तपासून पाहावे' असा शेरा मारल्यामुळे तो मुद्दा अद्याप खुला आहे.

इकडे ताईने भावोजींच्या निवृत्तीच्या भरवशावर गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या बांधल्या. पुढे छोटी ओसरी, ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या. निवृत्तीची तारीख आली तशी ताई भांडीकुंडी घेऊन पुढे गेली. "एवढा एक आढावा झाला की आलोच," असे भावोजी म्हणाले. त्या आठवड्यात ताईने परसात लिंबाचे रोप लावले होते. आता ती मला त्या झाडाची लिंबे पाठवते.

"दुसऱ्या खुर्चीत मांजर बसतं," ती एकदा मला म्हणाली. "आधी हाकलायचे मी त्याला. आता संध्याकाळी विचारते, चहा घेणार का."

ताई रडणारी बाई नाही. पण हे सांगताना ती लिंबे फार काळजीपूर्वक पुसत होती.

तर कार्यक्रमाविषयी. खात्याच्या तळघरात एक जुने यंत्र आहे. खात्यातले लोक त्याला थोरली म्हणतात. चार कपाटे एकाला एक चिकटवावीत एवढी ती रुंद, दिवसभर घरघरते, आणि सगळ्या मुलखाचा कर एकटी मोजते. तिची भाषा जाणणारे आता कोणी उरलेले नाही. लोक तिच्यापुढे चपला काढून, हळू आवाजात बोलतात आणि ती चालते. वरच्या मजल्यावर गार खोलीत, निळ्या दिव्यांत नवी प्रणाली बसवली आहे. ती धाकटी. थोरलीच्या कमरेच्या किल्ल्या काढून धाकटीच्या कमरेला लावायच्या, एवढाच काय तो कार्यक्रम. ज्यांच्या घरात दोन सुना आहेत त्यांना याला इतकी वर्षे का लागली हे कळेल. बाकीच्यांनी अहवाल वाचावा.

अहवालानुसार कार्यक्रम पहिल्या दिवसापासून सत्त्याण्णव टक्के पूर्ण आहे. आकड्यांत इतके सातत्य दुसऱ्या कोणत्याही खात्याला राखता आलेले नाही. उरलेल्या तीन टक्क्यांत काय येते, असे विधानसभेतल्या एका खवचट सभासदाने विचारले तेव्हा उत्तर मिळाले की त्यात 'कर गोळा करणे व तत्सम किरकोळ बाबी' येतात. दर महिन्याच्या तक्त्यात अडलेली कामे लाल रंगाने दाखवायची पद्धत होती. लाल फार झाला तेव्हा त्यावर समिती नेमली. समितीने मुळाशी जाऊन अभ्यास केला आणि लाल रंग रद्द केला. दुसऱ्या महिन्यापासून सगळा तक्ता हिरवा.

कर्मचारी संघटनेचा आधुनिकीकरणाला आधी विरोध होता. वाटाघाटी झाल्या, आणि दोन्ही बाजूंना मान्य असे धोरण ठरले: कामाच्या पद्धतीत तिळमात्र बदल न करता आमूलाग्र बदल करावा. त्याप्रमाणे सल्लागार आले. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर नुकतीच झोप झाल्यासारखी टवटवी. ते कारकुनांच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि जे दिसले ते दिसेल तसे लिहून घेत गेले.

एका साध्या अर्जाचा प्रवास त्यांच्या अहवालात असा आहे. अर्जदार खिडकीवर येतो. कारकून वर पाहत नाही. अर्जदार खोकतो. कारकून "काय?" म्हणतो. अर्जदार सांगतो. कारकून पलीकडच्या खिडकीवर पाठवतो. पलीकडची खिडकी बंद असते. अर्जदार परत येतो. (इथे एक फाटा फुटतो: ओळखीचा असल्यास थेट आत.) अर्ज आत जातो. साहेब जागेवर नसतात. उद्या या.

हे सगळे धाकटीला जसेच्या तसे शिकवण्यात आले. पद्धतीत बदल नाही, हे ठरलेलेच होते. फरक पडला तो वेगात. पूर्वी माणसाला 'उद्या या' हे ऐकायला अर्धा दिवस लागत असे. आता तेच त्याला एका दुपारी चाळीस वेळा ऐकवता येऊ लागले. सेवेतली ही सुधारणा कोणी नाकारू शकणार नाही.

अडचण एकच आली. साहेब जागेवर आहेत की नाहीत, हे धाकटीला कळावे कसे? खात्यात पूर्वापार चाल अशी, की खुर्चीच्या पाठीवर कोट दिसला की साहेब आले असे समजायचे. साहेब स्वतः कुठे आहेत ही त्यांची खासगी बाब. एका साहेबांचा कोट तर ते बदलून गेल्यावरही वर्षभर तसाच लटकत होता, आणि त्या वर्षी त्यांच्या कामाविरुद्ध एकही तक्रार आली नाही. सल्लागारांनी त्या कोटाची मुलाखत मागितली होती असे म्हणतात. हे मी ऐकीव सांगतो.

शेवटी सल्लागारांनी युक्ती काढली. साहेबांच्या खुर्चीच्या गादीखाली एक चपटी पेटी बसवली. खुर्चीवर माणसाएवढे वजन आहे आणि ते अधूनमधून चुळबुळते आहे असे पेटीला जाणवले, की धाकटी समजते: साहेब जागेवर आहेत. माणूस नुसता टेकला आहे की नीट बसला आहे, हे पारखायला तिला थोडा वेळ लागतो. साधारण एखादी गोष्ट वाचून होईल इतका. बसलेला कोण, हे मात्र ती विचारत नाही. यावर विधी विभागाचे मत घेतले होते. मत असे पडले की माणसे येतात आणि जातात, पद म्हणजे खुर्ची. आधीचा सुटला की खुर्चीत जो बसलेला असेल तो साहेब. सगळ्या कचेऱ्यांत हे पूर्वीपासून असेच चालते. धाकटीने ते फक्त मनावर घेतले.

मग परीक्षा सुरू झाली. थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी तेच काम करणार, आणि दोघींची उत्तरे तीन महिने तंतोतंत जुळली की कार्यक्रम पूर्ण. ती जुळेनात. थोरली वयोमानाप्रमाणे चुका करी आणि धाकटी बरोबर येई. नियमानुसार थोरलीपेक्षा वेगळे ते चूक. त्यामुळे धाकटीचे प्रत्येक बरोबर उत्तर 'गंभीर दोष' या सदरात नोंदले जाऊ लागले. भावोजींच्या केसांचा रंग याच काळात बदलला.

उदाहरणच द्यायचे तर थोरलीने फार पूर्वी एका न्हाव्याची नोंद दीपगृह म्हणून केली होती. धाकटी त्याला न्हावी म्हणे. बैठका झाल्या. न्हाव्याला बोलावून विचारले, तर तो म्हणाला की दीपगृहांना कर माफ आहे, तेव्हा आपली या बाबतीत काही तक्रार नाही. मग धाकटीला चुका करायला शिकवण्यासाठी वेगळा कक्ष उघडला. तिथे खात्यातली सर्वांत अनुभवी माणसे नेमली. धाकटी मुळात हुशार. हळूहळू शिकली. न्हाव्याला दीपगृह म्हणू लागली, आणि त्याही पुढे जाऊन रात्री उजेड पाडत नसल्याबद्दल तिने आपण होऊन त्याला नोटीस काढली. त्या दिवशी भावोजींनी मला फोन केला. त्यांचा आवाज भरून आला होता. "ती आपल्यातली झाली रे," ते म्हणाले.

तीन महिने उत्तरे जुळली. कार्यक्रम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण खात्यात काही पूर्ण झाले की त्याचा दुसरा टप्पा सुरू करायची चांगली चाल आहे. धाकटी तयार होईपर्यंत इतका काळ गेला होता की ती आता जुनी ठरली होती. तिच्या जागी आणखी नवी बसवण्याचा दुसरा टप्पा दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू व्हायचा होता. म्हणजे भावोजींना सुटायला एक दुपार होती. कचेरी बंद व्हायच्या आत कार्यमुक्तीचा अर्ज मंजूर झाला तर संध्याकाळी ओसरीवर. नाही झाला तर सकाळी ते दुसऱ्या टप्प्याचे प्रमुख, आणि परसातल्या लिंबाचे होईल ते होवो.

त्या दुपारी मी डबा घेऊन पोचलो. निरोप समारंभ आटोपला होता. भाषणे झाली होती, भिंतीवरचे घड्याळ भेट मिळाले होते, आणि भावोजी ते घड्याळ काखेत मारून तळमजल्यावरच्या खिडकीसमोर रांगेत उभे होते. कारण अर्ज आता धाकटीमार्फतच करायचा, आणि अर्जदाराने खिडकीवर हजर असायचे. पडद्यावर अक्षरे उमटली: साहेब जागेवर नाहीत. उद्या या.

साहेब म्हणजे भावोजी. त्यांच्या विभागातल्या सगळ्यांचे अर्ज मंजूर करणारे तेच, आणि विभागात तेही आलेच.

ते घड्याळासकट जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले. (लिफ्टचे आधुनिकीकरण चालू होते.) खुर्चीत बसले, धाकटीची खात्री पटेपर्यंत चुळबुळले. पडद्यावर आले: साहेब जागेवर आहेत. आपल्याकडे एक अर्ज आहे. अर्जदार खिडकीवर नाही. त्यास उद्या बोलवावे का?

भावोजी पुन्हा खाली. साहेब पुन्हा गायब. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. पण मधल्या वळणावर मी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला धरून उभा होतो आणि तो मला पुन्हा भरून आणावा लागला. त्यांच्या वयाच्या माणसाने स्वतःलाच भेटण्यासाठी इतके धावू नये.

मग उपाय सुरू झाले. आधी खुर्चीवर कोट ठेवला. धाकटीने तो मोजलाही नाही. पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. मग कार्यक्रमाच्या प्रगती अहवालाचे सातही खंड गादीवर रचले. वजन माणसाहून अंमळ जास्तच भरले. धाकटीने बराच वेळ विचार केला आणि लिहिले: साहेब हालत नाहीत. मीटिंगमध्ये असावेत. हा त्या अहवालाचा आजवरचा एकमेव उपयोग, तोही वाया गेला.

राहिला माणूस. उपप्रमुखांना विचारले. ते भल्या माणसासारखे हसले आणि खिडकीबाहेरच्या एका पक्ष्याकडे पाहू लागले. मोठ्या कारकुनांना बरोबर त्या क्षणी पाठीचे जुने दुखणे आठवले. शिपाई तेवढा मोकळेपणाने बोलला. "तुम्ही सांगाल तिथं उभा राहतो साहेब," तो म्हणाला, "बसायचं तेवढं सांगू नका." सेवानियम कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असतात. नातेवाइकांना नसतात.

भावोजींची नजर माझ्यावर गेली. मी डबा टेबलावर ठेवून घाम पुसत होतो. ताईने सांगितलेला निरोप तेवढ्यात आठवला म्हणून मी सांगून टाकला: आज आला नाहीत, तर ती दुसरी खुर्ची मांजराच्या नावावर करणार आहे.

भावोजींनी काखेतले घड्याळ टेबलावर ठेवले. घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अरे, पाच मिनिटं बसतोस इथं?" ते म्हणाले. "काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायचा पगार किती?" मी गमतीने विचारले.

"अधूनमधून हलत राहा," ते म्हणाले, आणि जिन्याकडे गेले.

मी बसलो. गादी मऊ होती. आयुष्य स्टुलावर गेलेल्या माणसाला अशा गादीचे काय वाटते ते गादीवाल्यांना कळायचे नाही. मी हललो. खिडकीतून खालचे अंगण दिसत होते. डब्यात काय दिले असेल याचा विचार केला, पुन्हा हललो. पडदा उजळला: साहेब जागेवर आहेत. अर्जदार खिडकीवर आहे. कार्यमुक्त करायचे? खाली दोन खुणा होत्या, 'मंजूर' आणि 'चर्चा करा'. मी पहिल्या खुणेवर बोट ठेवले. ताईची शपथ, त्या वेळी मला एवढेच वाटले की चांगले काम झाले.

थोड्या वेळाने भावोजी अंगणातून जाताना दिसले. ते धावत नव्हते. धावलो तर कोणी हाक मारील, अशा बेताने चालत होते. घड्याळ मागेच राहिले होते. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी हात आकाशाकडे असे पसरले की मला बिघडलेली छत्री पुष्कळ वर्षांनी एकदम उघडावी तसे वाटले.

मग मी उठलो, डबा उचलला (तो त्यांनी खाल्लाच नव्हता) आणि फाटकाशी आलो. पहारेकऱ्याने अदबीने अडसर लावला. "साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला अजून सोडलेलं नाही."

मी म्हटले, बाबा, मी साहेब नाही, मी छत्रीवाला. त्याने त्याच्या पडद्यात पाहिले. तिथे कार्यक्रमप्रमुख म्हणून माझी नोंद झाली होती. व्यवसायाच्या रकान्यात 'दीपगृह' असे होते. मी विधी विभागाकडे गेलो. तिथल्या बाईंनी नियम काढून दाखवला, आणि समजूत घालावी तशा म्हणाल्या, "खुर्चीतून उठता येतं हो. पदावरून नाही."

त्याला आता बराच काळ लोटला. कामाविषयी माझी काही तक्रार नाही. यातले मला काही कळत नाही हे पहिल्याच आढावा बैठकीत सर्वांच्या लक्षात आले आणि वातावरण एकदम मोकळे झाले. मला विचारण्यात आले की अडचणी आहेत का. मी म्हटले, आहेत, पण वेळापत्रकाप्रमाणे आहेत. टाळ्या पडल्या. माझ्या कारकिर्दीत तक्ता पूर्वीपेक्षा गडद हिरवा झालेला आहे. दुसरा टप्पा सत्त्याण्णव टक्के पूर्ण आहे. दुपारी मोकळा वेळ असतो तेव्हा मी कर्मचाऱ्यांच्या छत्र्या दुरुस्त करून देतो. खात्यात पूर्ण होणारे तेवढे एक काम आहे.

सुटकेचा मार्ग अर्थातच मला ठाऊक आहे. नियमात एक बरी फट आहे, भावोजींच्या घाईत ती कोणाला दिसली नव्हती: कोणताही एक टप्पा पूर्ण होऊन गेलेला असला (पहिला आहेच), तर प्रमुखाने खिडकीवर उभे राहायचे आणि त्या वेळी खुर्चीत कोणीतरी बसलेले असायचे, की झाले. बसणारा तेवढा मिळत नाही. कर्मचारी माझ्या खोलीत आले की भिंतीला पाठ लावून उभे राहतात. भावोजींना फोन केला, म्हटले एक दिवस येऊन बसून जा. ते म्हणाले, गुडघा धरलाय. मागून ताईचा आवाज आला: "खोटं बोलतायत. पण बरोबर बोलतायत." मांजराला तिसरी खुर्ची आणली आहे असेही कळले.

म्हणून मी दुसऱ्या टप्प्यात एक छोटीशी सुधारणा करून घेतली. साहेबांची म्हणून एकच खुर्ची असणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असे मी बैठकीत मांडले. खाते नागरिकांच्या दारी गेले पाहिजे. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. (तो वाचायला वेळ नव्हता.) त्यानुसार आता सर्व खुर्च्या धाकटीला जोडून घेतल्या आहेत. कचेरीतल्या, घरच्या, वाचनालयातल्या, दवाखान्याबाहेरच्या बाकांसकट. ज्यांना पलंगावर पडून वाचायची सवय आहे त्यांचाही विचार केलेला आहे.

मग मी ही गोष्ट लिहिली. एरवी मी गोष्टी थोडक्यात सांगतो, पण ही मुद्दाम जराशी लांबवली. का लांबवली ते तुम्हाला एव्हाना कळले असेल. नसेल तर वर चपट्या पेटीविषयीचा भाग पुन्हा वाचावा. तेवढाच आणखी वेळ जाईल.

मी हे वाक्य संपवून खाली खिडकीवर जातो आहे. डबा बरोबर घेतला आहे, ताईकडे परत करायचा आहे. तुम्ही मधे एक-दोनदा हललात, तेही बरे केलेत. आता काही विशेष करायचे नाही. समोर दोन खुणा येतील, त्यातल्या पहिलीवर बोट ठेवा.

आणि अवघडून बसू नका. उठलात तरी चालेल. खुर्चीतून उठता येते.